बाटलीतली वीज

मायकेल फॅरडे यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनलगतच्या न्यूइंग्टन बट्स येथे एका लोहाराच्या घरी झाला. वडील आजारी असत, घरात पैशाची चणचण असे. त्यामुळे लेखन, वाचन आणि जुजबी हिशेब यांपलीकडे त्यांचे शालेय शिक्षण गेले नाही. तेराव्या वर्षी ते रिबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे निरोप्या म्हणून लागले आणि वर्षभराने तेथेच पुस्तकबांधणीची सात वर्षांची उमेदवारी करू लागले.

बांधणीसाठी आलेली पुस्तके शिवता शिवता ते वाचून काढीत. ब्रिटानिका ज्ञानकोशातील विजेवरचा लेख असाच हाती लागला. वाचलेले पडताळून पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडेना. पण उपकरणे विकत घेणार कशी? त्यांनी एक साधी काचेची बाटली घेऊन तिचे घर्षणयंत्र केले. अशा यंत्रात काच आसावर फिरते, गादी तिला घासत राहते आणि काचेवर जमलेला विद्युतभार धातूच्या दांड्याकडे जातो. पुढे बाटलीच्या जागी खरी काचनळी आली. विजेचा दाब हजारो व्होल्टपर्यंत चढविणारे हे यंत्र खेळणे नव्हे. त्याच्या जोडीला वापरल्या जाणाऱ्या लायडेन बरणीतील साठा माणसाला इजा करू शकतो. १८१२ मध्ये त्यांनी अर्ध्या पेनीची सात नाणी, जस्ताच्या सात चकत्या आणि मिठाच्या पाण्यात भिजविलेले कागदाचे सहा तुकडे एकावर एक रचून विद्युतघटही तयार केला.

त्याच वर्षी त्यांनी हम्फ्री डेव्ही यांची व्याख्याने ऐकली, टिपणे काढली आणि स्वतः बांधून ती वही डेव्हींना पाठविली. १ मार्च १८१३ रोजी रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये ते साहाय्यक म्हणून रुजू झाले. पुढे १८२३ मध्ये रॉयल सोसायटीच्या सदस्यत्वासाठी फॅरडे यांचे नाव आले, तेव्हा विरोध केला तो डेव्हींनीच. यात गुरूचा मोठेपणा दिसत नाही, हे मान्य केले पाहिजे. तरीही निवड झाली.

२९ ऑगस्ट १८३१ रोजी त्यांनी लोखंडी कड्यावर तारेची दोन वेटोळी गुंडाळली. तारांमध्ये निरोधक म्हणून होते सुती कापड आणि दोरा. एका वेटोळ्यात प्रवाह सुरू करताना आणि तोडताना दुसऱ्याला जोडलेली सुई हलली. आजच्या ट्रान्सफॉर्मरचे मूळ त्या कड्यात आहे.

तरी एक प्रश्न उरला होता: घर्षणाची वीज आणि घटाची वीज वेगवेगळी की एकच? १८३३ मध्ये प्रयोगांनी त्यांनी ती एकच असल्याचे दाखविले. जानेवारी १८३६ मध्ये त्यांनी बारा फुटांचा पोकळ चौकोनी पिंजरा उभारला, त्यावर तारा आणि धातूचा वर्ख लावला आणि ते उपकरणांसह आत गेले. घर्षणयंत्राने पिंजरा भारित केला, बाहेर ठिणग्या उडू लागल्या. आत मात्र उपकरणांवर काहीच परिणाम दिसला नाही.

२५ ऑगस्ट १८६७ रोजी हॅम्प्टन कोर्ट येथे त्यांचे निधन झाले. उमेदवारीच्या दिवसांतील त्यांचे घर्षणयंत्र पुढे रॉयल इन्स्टिट्यूशनकडे आले.