ऑफिसमधल्या सेक्रेटरीला सुचलं 'पेंग्विन' हे नाव! कोण होते ॲलन लेन?

पुस्तकाच्या कण्यावरचा तो छोटा पक्षी तुम्ही पाहिलाच असेल. प्रकाशनसंस्था आणि पेंग्विन यांचा खरं तर काहीच संबंध नाही. मग हे नाव आलं कुठून? त्यासाठी १९३५ सालच्या लंडनमध्ये जावं लागेल.

ॲलन लेन यांचा जन्म १९०२ मध्ये ब्रिस्टलमध्ये झाला. त्यांचं मूळ आडनाव विल्यम्स. आईकडून दूरचे नातेवाईक असलेले जॉन लेन 'द बॉडली हेड' ही प्रकाशनसंस्था चालवायचे. त्यांना मूलबाळ नव्हतं. १९१९ मध्ये ॲलन तिथे कामाला लागले आणि संस्थेशी जोडलेलं नाव पुढे चालावं म्हणून घरच्यांनी आडनावच बदललं.

'बॉडली हेड' हे नावही गमतीचं आहे. ऑक्सफर्डचं ग्रंथालय उभारणाऱ्या थॉमस बॉडली यांच्यावरून ते घेतलेलं. भारदस्त खरं, पण सामान्य वाचकाला त्यातून काय कळणार?

१९३० च्या दशकात ही संस्था डबघाईला आली. चांगलं साहित्य कागदी बांधणीत, सिगारेटच्या पाकिटाच्या किमतीत, म्हणजे सहा पेन्सला विकायचं, अशी ॲलन यांची कल्पना होती. एक्सेटर स्टेशनवर वाचण्याजोगं काही मिळालं नाही तेव्हा ती सुचली, असा किस्सा सांगितला जातो. संचालकांना मात्र ती पटली नाही. ॲलन आणि त्यांचे भाऊ रिचर्ड व जॉन यांनी ती स्वतःच्या जोखमीवर पुढे रेटली.

नावाचा शोध

नाव प्रतिष्ठित हवं, पण थोडं खट्याळही, अशी ॲलन यांची अट होती. पक्ष्याचं नाव घेण्यात नवीन काही नव्हतं. जर्मनीतून निघणारी 'अल्बाट्रॉस' पुस्तकं १९३२ पासून बाजारात होती आणि प्रकारानुसार रंगीत मुखपृष्ठांची पद्धतही त्यांचीच. शेवटी सेक्रेटरी जोन कोल्स यांनी 'पेंग्विन' सुचवलं. ते लगेच पसंत पडलं आणि एडवर्ड यंग या २१ वर्षांच्या तरुणाला स्केचेस काढायला थेट लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पाठवलं. आज याच कामासाठी एजन्सी महिनाभर प्रेझेंटेशन देतील!

३० जुलै १९३५ रोजी पहिली दहा पुस्तकं आली. खर्च निघायला प्रत्येकाच्या साधारण १७ ते १८ हजार प्रती खपायला हव्या होत्या, पण दुकानदारांनी हात आखडता घेतला. गणित जमत नव्हतं. मग 'वूलवर्थ' या दुकानांच्या साखळीने ६३,५०० प्रतींची ऑर्डर दिली आणि जुगार यशस्वी झाला. १९३६ मध्ये पेंग्विन स्वतंत्र कंपनी झाली. सुरुवातीचं गोदाम होतं एका चर्चच्या तळघरात.

नाव इतकं चाललं की गोंधळही होऊ लागला. किंग्ज क्रॉस स्टेशनवर एक बाई चुकून 'पेलिकन' पुस्तकं मागत होत्या म्हणे. हे नाव प्रतिस्पर्ध्याने उचलू नये म्हणून १९३७ मध्ये ॲलन यांनी माहितीपर पुस्तकांसाठी 'पेलिकन' सुरू केलं. त्याच्या पहिल्या संपादकांपैकी एक होते व्ही. के. कृष्ण मेनन, पुढे भारताचे संरक्षणमंत्री आणि उत्तर मुंबईचे खासदार. दोघांचं फार काळ पटलं नाही. १९४० मध्ये मुलांसाठी 'पफिन' आलं.

१९६० मध्ये 'लेडी चॅटर्लीज लव्हर' छापल्याबद्दल पेंग्विनवर अश्लीलतेचा खटला झाला. हरले असते, तर पुस्तक विकता आलं नसतं. ज्यूरीने निर्दोष ठरवलं. त्यानंतर लाखो प्रती खपल्या. याच कादंबरीसाठी मुंबईतल्या एका पुस्तकविक्रेत्याला झालेली शिक्षा मात्र आपल्या सुप्रीम कोर्टाने १९६४ मध्ये कायम ठेवली.

१९६७ मध्ये कंपनीने पुठ्ठा बांधणीच्या पुस्तकांची वेगळी मालिका काढली. या वेळी पक्षी शोधला नाही. नाव ठेवलं 'ॲलन लेन'. तीन वर्षांनी, ७ जुलै १९७० रोजी त्यांचं निधन झालं.