चवदार तळ्याचा खटला आणि वकील बाबासाहेब

विश्वभूषण डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना आपण संविधानाचे शिल्पकार म्हणून ओळखतो आणि धम्मक्रांतीचे प्रणेते म्हणून वंदन करतो. त्यांच्या वकिलीविषयी मात्र जयंतीच्या व्याख्यानांतून फारसे बोलले जात नाही. एका नगरपालिकेच्या ठरावातून उभा राहिलेला खटला या वकिलाने सव्वानऊ वर्षे कसा निभावला, हे स्मरणिकेच्या वाचकांपुढे मांडावे असे आम्हास वाटते.

14 एप्रिल 1891 रोजी महू येथे जन्मलेले भीमराव 1922 साली लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले आणि पुढील वर्षी मुंबईस परतले. वकिलीची सनद काढण्यापुरतेही पैसे हाती नव्हते. तेव्हा मित्र नवल भथेना धावून आले आणि जुलै 1923 पासून बाबासाहेब उच्च न्यायालयाच्या अपील शाखेत वकिली करू लागले. अस्पृश्य बॅरिस्टरकडे मोठी कामे घेऊन जाण्यास सॉलिसिटर मंडळी धजत नसत. जिल्ह्यांतून येणारी अपिले आणि परळच्या दामोदर हॉलमधील कचेरीची पायरी चढणारे गरीब पक्षकार हाच त्यांचा आधार होता. ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावरून झालेल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात जेधे-जवळकरांना शिक्षा झाली होती. 1926 मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयात बाबासाहेबांनी अपील चालविले आणि ते निर्दोष सुटले. तरीही केवळ वकिलीवर संसार भागेना, म्हणून बाटलीबॉय यांच्या संस्थेत ते व्यापारी कायदा शिकवीत.

याच काळात महाडचा प्रश्न पुढे आला. रावबहादूर सीताराम केशव बोले यांच्या प्रस्तावावरून मुंबई विधिमंडळाने 4 ऑगस्ट 1923 रोजी सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा व दवाखाने अस्पृश्यांस खुले करण्याचा ठराव केला. त्यास अनुसरून महाड नगरपालिकेने जानेवारी 1924 मध्ये चवदार तळे सर्वांस खुले केले. परंतु ते कागदावरच. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली आपल्या पूर्वजांनी त्या तळ्याचे पाणी प्राशन केले, तेव्हा त्या कागदात प्राण आला. त्यानंतर मारहाण झाली, तळ्याचे तथाकथित शुद्धीकरण झाले आणि 4 ऑगस्ट 1927 रोजी नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला. बोले ठरावास त्या दिवशी बरोबर चार वर्षे पूर्ण होत होती.

डिसेंबर 1927 मध्ये सवर्णांनी महाडच्या न्यायालयात दावा लावला. पहिले प्रतिवादी होते स्वतः बाबासाहेब. दुसऱ्या परिषदेच्या तोंडावर तात्पुरता मनाई हुकूम निघाला. हजारो लोक तळ्यावर जाण्याच्या निर्धाराने जमले होते. त्यांना थोपविणे म्हणजे त्यांचा हिरमोड करणे होते. तरीही बाबासाहेबांनी न्यायालयाचा हुकूम पाळला आणि सत्याग्रह तहकूब केला. त्याच परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले, परंतु तळ्याचा वाद त्यांनी न्यायालयातच लढविला.

वादींचे म्हणणे दुहेरी होते. तळे आमच्या मालकीचे आहे, हे पहिले. आणि अस्पृश्यांनी त्याचे पाणी घेऊ नये अशी अनादी काळापासून रूढी आहे, हे दुसरे. मालकीचा मुद्दा टिकला नाही. तळे नगरपालिकेचे ठरले. उरला रूढीचा मुद्दा. महाडच्या न्यायालयाने जून 1931 मध्ये दावा फेटाळला आणि ठाण्याच्या न्यायालयाने जानेवारी 1933 मध्ये तोच निकाल कायम केला. अखेर 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्या. ब्रूमफील्ड व न्या. वाडिया यांनी दुसरे अपीलही फेटाळले. तळ्यावर पाऊल ठेवल्याला दहा वर्षे पूर्ण होण्यास तीन दिवस उरले होते.

या विजयाचा आपण अभिमान बाळगतो. पण त्याची मर्यादाही आपण समजून घेतली पाहिजे. अस्पृश्यता अन्याय्य आहे, असे न्यायालयाने म्हटले नाही. ही रूढी अनादी काळापासूनची असल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही, एवढ्याच आधारावर निकाल लागला. उद्या एखाद्या गावात रूढी तितकी जुनी असल्याचा पुरावा पुढे आला असता, तर? कायद्याच्या पुस्तकात या प्रश्नाचे उत्तर तेव्हा नव्हते.

ते उत्तर संविधानात आले. ज्या मसुदा समितीचे अध्यक्षपद बाबासाहेबांनी भूषविले, तिच्या परिश्रमांतून साकारलेल्या संविधानाची काही कलमे महाडचा खटला मनात ठेवून वाचावीत, अशी आमची विनंती आहे. कलम 12 स्थानिक संस्थांना ‘राज्य’ या संज्ञेत आणते, म्हणून नगरपालिकेलाही मूलभूत हक्क डावलता येत नाहीत. कलम 13 मध्ये ‘कायदा’ या शब्दात रूढीचाही समावेश आहे, म्हणून रूढी कितीही प्राचीन असली तरी मूलभूत हक्कांपुढे ती टिकत नाही. कलम 15 विहिरी, तळी व स्नानघाट यांचा नावानिशी उल्लेख करते आणि कलम 17 अस्पृश्यताच नष्ट करते. महाडच्या वादींचा एकेक मुद्दा या कलमांनी कायमचा निकालात काढला आहे.

6 डिसेंबर 1956 रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्यांच्या वकिलीचा हा वारसा आज आपल्या ग्रामपंचायतींच्या आणि नगरपरिषदांच्या सभागृहांत जपला जावयास हवा. जो ठराव एका सभेत मंजूर होतो, तो दुसऱ्या सभेत रद्दही होऊ शकतो, हे महाडने दाखवून दिले. म्हणून पालकांनी व माजी विद्यार्थ्यांनी आपल्या गावाच्या पाणीपुरवठ्याचा, स्मशानभूमीचा, समाजमंदिराचा ठराव इतिवृत्तात कसा नोंदला गेला आहे, हे स्वतः वाचावे, त्याची नक्कल मागून घ्यावी आणि तिचा अर्थ आपल्या मुलांना समजावून सांगावा.