हुकूम, विवेक आणि हनुमानसिंह

रायपूरच्या जयस्तंभ चौकातून शारदा चौक ओलांडून पश्चिमेकडे निघालेला रस्ता तात्यापाऱ्यात पोहोचतो. 'तात्या' हा मराठी शब्द आणि 'पारा' हा वस्तीसाठीचा छत्तीसगढी शब्द. या जोडनावात नागपूरकर भोसल्यांच्या शतकभराच्या अमलाची खूण उरली आहे. येथील मराठी घरांना जयस्तंभ चौकाची ओळख वीर नारायणसिंह यांच्या देहदंडाचे ठिकाण म्हणून असते. त्या देहदंडानंतर सहाच आठवड्यांत याच शहरात सतरा सैनिक फासावर गेले आणि त्यांचा म्होरक्या निसटला. त्याचे नाव हनुमानसिंह. छत्तीसगढ त्यांना आपला मंगल पांडे मानतो. सैनिकाने हुकमाला प्रश्न विचारावा काय, हा आजचा अवघड प्रश्न त्यांच्या आयुष्यात फार तीव्रतेने उभा राहिला होता.

हनुमानसिंह हे मूळचे अवधमधील बैसवाड्याचे राजपूत. १८२२ च्या सुमारास त्यांचा जन्म झाला. कंपनीच्या फौजेला शिपाई पुरवणारा हा मुलूख. रायपूरच्या छावणीतील तिसऱ्या रेजिमेंटमध्ये ते दारूगोळ्याच्या कोठारावर लश्कर होते. लश्कराचा दर्जा कनिष्ठ. पण बारूद कोठे आहे, तोफा कोणाच्या ताब्यात आहेत आणि रात्रीचा पहारा केव्हा बदलतो, हे त्याला पुरते ठाऊक असे.

ते ज्या सत्तेची चाकरी करत होते, ती छत्तीसगढात जुनी नव्हती. तिसरे रघुजी भोसले १८५३ च्या डिसेंबरात वारले. औरस वारस नसल्याचे कारण पुढे करून डलहौसीने पुढच्याच वर्षी नागपूरचे राज्य खालसा केले आणि रायपूर कंपनीच्या थेट अमलाखाली आले. १८५७ मध्ये उत्तर पेटली, तेव्हा मराठी मुलखाने एका सुरात उत्तर दिले नाही. नानासाहेब आणि तात्या टोपे रणात उतरले. नागपुरात भोसले घराण्यातील वयोवृद्ध बांकाबाई इंग्रजांच्या बाजूने राहिल्या. न्याय कोणत्या बाजूला आहे, याविषयी राजघराणीच दुभंगली होती. अशा वेळी कोठारावरच्या लश्कराने निर्णय कोणाच्या भरवशावर घ्यावा?

हनुमानसिंहांच्या छावणीपुढे हा प्रश्न सोनाखानच्या जमीनदाराच्या रूपाने आला. १८५६ च्या दुष्काळात लोक उपाशी असताना नारायणसिंह यांनी कसडोलच्या व्यापाऱ्याचे धान्याचे कोठार उघडले, धान्य वाटले आणि आपण काय केले ते सरकारला स्वतःहून कळवले. सरकारने त्यांना दरोडेखोर ठरवून कैदेत टाकले. ऑगस्ट १८५७ मध्ये ते रायपूरच्या तुरुंगातून निसटले, तेव्हा त्यांना तिसऱ्या रेजिमेंटमधील शिपायांची मदत झाली होती. म्हणजे छावणीतील आज्ञापालनाला तेव्हाच तडा गेला होता. पुढे लेफ्टनंट स्मिथच्या मोहिमेने सोनाखानला वेढले, नारायणसिंह स्वाधीन झाले आणि १० डिसेंबर १८५७ रोजी रायपुरात त्यांना देहदंड देण्यात आला.

त्या दिवशी छावणीत बंड झाले नाही. ज्यांनी या माणसाला पळून जाण्यास साह्य केले, त्यांच्याच फौजेने त्याचा मृत्यू घडू दिला.

१८ जानेवारी १८५८ च्या संध्याकाळी हनुमानसिंह दोन साथीदारांसह सार्जंट मेजर सिडवेल यांच्या घरात शिरले आणि तलवारीने वार करून त्यांनी सिडवेल यांना ठार केले. मग छावणीत येऊन त्यांनी उठावाची हाक दिली. तोफखान्यातील काही जण पुढे आले, बहुसंख्य शिपाई मात्र जागचे हलले नाहीत. स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच रात्री उठावाला घेरले. हवालदार गाझी खान आणि त्यांच्यासह अब्दुल हयात, शिवनारायण, पन्नालाल, मातादीन, अकबर हुसेन असे एकूण सतरा जण पकडले गेले. घाईने खटला चालवून २२ जानेवारीला त्या सर्वांना जाहीर फाशी देण्यात आली. हिंदू आणि मुसलमान एकाच दिवशी, एकाच आरोपाखाली गेले.

हनुमानसिंह हाती लागले नाहीत. उठावानंतर दोन दिवसांनी त्यांनी डेप्युटी कमिशनरच्या बंगल्यावर चाल केली, ती फसली. त्यांना पकडून देणाऱ्यास पाचशे रुपयांचे इनाम जाहीर झाले. तेही कोणाला मिळाले नाही. सरकारी कागदांतला त्यांचा माग येथेच संपतो.

या चरित्राचा गौरव सोपा आहे, त्याचा न्याय कठीण आहे. सिडवेल यांची हत्या म्हणजे हुकूम नाकारणे नव्हे. स्वतःच्या घरात असलेल्या माणसाला मारणे होते. पण हनुमानसिंहांपुढे मधला मार्ग कोणता होता? अन्याय्य हुकमाविरुद्ध दाद मागण्याची जागा कंपनीच्या फौजेत देशी शिपायाला नव्हती. मुकाट पाळणे किंवा शस्त्र उचलणे, एवढेच दोन पर्याय होते. जी व्यवस्था शंकेला दरवाजा ठेवत नाही, तिच्यात शंका भिंत फोडून बाहेर येते.

मधला मार्ग शक्य असतो, हे २३ एप्रिल १९३० रोजी पेशावरात दिसले. चंद्रसिंह गढवाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निःशस्त्र पठाणांवर गोळी झाडण्यास नकार दिला, मात्र कोणाच्याही जिवाला हात लावला नाही. शिक्षा त्यांनाही झाली. चंद्रसिंह अकरा वर्षे कैदेत होते. पुढे फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत नौदलाचे खलाशी उठले. स्वतंत्र भारताने त्यांची प्रशंसा केली; पण बडतर्फ खलाशांना नौदलाने पुन्हा सामावून घेतले नाही, आझाद हिंद सेनेच्या जवानांनाही लष्कराचे दार उघडले नाही. अवज्ञेचा सन्मान करणारे राज्यही अवज्ञाकारी सैनिक पदरी ठेवायला कचरते. यात ढोंग आहे, तसे शहाणपणही आहे. कोणते युद्ध लढायचे हे बंदुकधारी ठरवू लागले, तर लोकनिर्वाचित सरकारला अर्थ उरत नाही.

म्हणूनच कायद्याने रेषा बारकाईने आखली आहे. संविधानाचे कलम ३३ सैनिकाच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालण्याचा अधिकार संसदेला देते. १९५० च्या सेना अधिनियमातील कलम ४१ अवज्ञेला कठोर शिक्षा सांगते, परंतु ती कायदेशीर आज्ञेच्या अवज्ञेला. भारतीय न्याय संहितेचे कलम १४ वरिष्ठांच्या हुकमावरून गोळी चालवणाऱ्या शिपायाला संरक्षण देते, तेही हुकूम कायद्याला धरून असेल तेव्हाच. न्यूरेंबर्गच्या खटल्यांनी जगाला शिकवलेला धडाही हाच: केवळ हुकूम होता, हे पुरेसे उत्तर नाही.

युद्ध करावे की नाही, हा सैनिकाचा प्रश्न नाही. तो संसदेचा आणि नागरिकांचा आहे. समोरच्या निःशस्त्र माणसावर गोळी झाडावी काय, हा मात्र त्याचाच प्रश्न आहे आणि तो विचारण्याचा हक्क कायद्याच्या 'कायदेशीर' या एका शब्दात दडलेला आहे. तो शब्द प्रशिक्षणात किती शिकवला जातो आणि तो उच्चारणाऱ्या जवानाचे पुढे काय होते, याचा हिशेब संसदेने मागायला हवा. ज्या राज्याच्या दक्षिणेस बस्तर आहे आणि जेथे गणवेशातल्या तरुणांनी अनेक दशके आपल्याच देशबांधवांसमोर बंदूक धरली, तेथे हा हिशेब अधिकच निकडीचा ठरतो. हनुमानसिंहांना आपण हुतात्म्यांच्या मालिकेत बसवतो. त्यांना जो मधला मार्ग मिळाला नाही, तो आजच्या शिपायासाठी खुला ठेवणे ही प्रजासत्ताकाची जबाबदारी आहे.