बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई : दानाकडून स्वावलंबनाकडे

राजघराण्यातील स्त्रियांच्या दातृत्वाची परंपरा मराठी मनाला परिचित आहे. पुण्यश्लोक अहिल्यादेवींनी बांधलेले घाट आणि धर्मशाळा आजही यात्रेकरूंच्या उपयोगी पडतात. या परंपरेचा आदर राखून विसाव्या शतकाच्या आरंभी एका मराठी महाराणीने दानाची दिशाच पालटली. गरजू स्त्रीच्या ओंजळीत द्रव्य टाकण्यापेक्षा तिच्या हाताला विद्या आणि कला द्यावी, असे मानणाऱ्या त्या महाराणी म्हणजे बडोद्याच्या दुसऱ्या चिमणाबाई गायकवाड. शाळेच्या हीरकमहोत्सवी स्मरणिकेत त्यांचे स्मरण करणे मला औचित्याचे वाटते.

१८७२ मध्ये देवासच्या घाटगे घराण्यात जन्मलेल्या या कन्येचे माहेरचे नाव गजराबाई. महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या प्रथम पत्नी चिमणाबाई १८८५ मध्ये निवर्तल्या आणि त्याच वर्षाच्या अखेरीस महाराजांचा गजराबाईंशी विवाह झाला. सासरी त्यांना दिवंगत राणीचेच नाव मिळाले. बडोद्यातील घड्याळाचा मनोरा आणि न्यायमंदिर या वास्तू प्रथम चिमणाबाईंच्या स्मरणार्थ उभ्या आहेत. नामसाम्यामुळे अनेकांची गल्लत होते. दुसऱ्या चिमणाबाईंची खरी स्मारके पाहायची, तर ती त्यांच्या कार्यात शोधावी लागतात.

सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग आरंभिला आणि १९०६ मध्ये तो कायद्याने संपूर्ण संस्थानाला लागू केला. या सक्तीत मुलांबरोबर मुलीही होत्या. मात्र मुलीला शाळेत धाडण्याचा कायदा ज्या राज्यात झाला, त्या राज्याची महाराणी पडद्यात होती. १८८७ मध्ये चिमणाबाई महाराजांसमवेत प्रथम युरोपला गेल्या आणि पुढे अनेकदा जगप्रवास घडला. परदेशी त्या मोकळेपणाने वावरत, तेथील शाळा व संस्था पाहत. परंतु बडोद्यास परतताच रूढीचा पडदा पुन्हा आडवा येई. पुढे त्यांनी तो स्वतःच दूर केला आणि त्या उघडपणे सार्वजनिक कार्यात उतरल्या. अन्य स्त्रियांना जे सांगायचे, ते आधी स्वतः आचरावे लागते, ही जाण त्यामागे दिसते.

प्रवासात जे पाहिले, त्याचा त्यांनी संग्रह केला. भारतीय स्त्रीच्या स्थितीविषयी एस. एम. मित्रा यांच्या सहकार्याने त्यांनी लिहिलेला इंग्रजी ग्रंथ १९११ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाला. इतर देशांतील स्त्रिया कोणकोणते व्यवसाय करतात, त्यांच्या संस्था कशा चालतात आणि त्यांपैकी आपल्या देशात काय रुजू शकेल, याचा विचार त्या ग्रंथात आहे. राजस्त्रीच्या लेखणीतून स्त्रियांच्या उपजीविकेचा प्रश्न मांडला जाणे, ही त्या काळी अपूर्व गोष्ट होती.

ग्रंथातील विचाराला १९१४ मध्ये मूर्त रूप आले. महाराणी चिमणाबाई स्त्री उद्योगालय ही संस्था बडोद्यात स्थापन झाली. अर्थार्जनासाठी घराबाहेर पडणे प्रतिष्ठित कुटुंबांत कमीपणाचे समजले जाई. पतीच्या निधनानंतर दीर-जावांच्या आधारावर दिवस कंठणाऱ्या स्त्रीपुढे दुसरा मार्गच नसे. अशा स्त्रियांना शिवण, भरतकाम यांसारख्या हस्तकौशल्यांचे शिक्षण देऊन स्वकष्टाची कमाई मिळवून देणे, हा या संस्थेचा हेतू होता. दानाने एक दिवस निभावतो आणि हातातील कसब मात्र जन्मभर साथ देते, हे त्यांनी ओळखले होते.

तथापि शिक्षणाची सर्वांत कठीण परीक्षा त्यांच्या स्वतःच्या घरी झाली. त्यांची एकुलती कन्या इंदिराराजे हिला आधुनिक शिक्षण मिळाले होते. ग्वाल्हेरच्या महाराजा माधवराव शिंदे यांच्याशी तिचा विवाह ठरला. ते वयाने बरेच मोठे व विवाहित होते. १९११ च्या दिल्ली दरबाराच्या सुमारास इंदिराराजेंची कूचबिहारचे राजपुत्र जितेंद्र नारायण यांच्याशी भेट झाली आणि त्यांनी शिंद्यांना स्वतः पत्र लिहून ठरलेला विवाह मोडला. मातापित्यांना हे रुचले नाही. १९१३ मध्ये लंडनला झालेल्या विवाहास ते उपस्थित राहिले नाहीत. मुलींनी शिकावे, यासाठी झटणाऱ्या आईला शिकलेल्या मुलीचा निर्णय पचवणे जड गेले. चरित्रातील हा भाग झाकण्याचे कारण नाही. सुधारणा घरात शिरते तेव्हा ती सुधारकाकडूनही काही मागते, हे त्यातून उमगते. पुढे जितेंद्र नारायण अकाली निवर्तल्यावर याच इंदिराराजेंनी अल्पवयीन पुत्राच्या वतीने कूचबिहारचा कारभार सांभाळला. आईच्या घरी मिळालेले शिक्षण तेथे कामी आले.

जानेवारी १९२७ मध्ये पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. मार्गारेट कझिन्स यांच्या पुढाकाराने स्त्रीशिक्षणाच्या सुधारणेसाठी देशभरातील महिला एकत्र आल्या होत्या. अध्यक्षपद महाराणी चिमणाबाईंनी भूषविले. मुलगी शाळेत टिकायची असेल तर तिचा बालविवाह रोखला पाहिजे, हा मुद्दा त्या परिषदेत ठामपणे पुढे आला. १९२९ मध्ये बालविवाह प्रतिबंधक कायदा संमत झाला, त्यामागे महिलांच्या अशा संघटित मागणीचे बळ होते.

चिमणाबाईंचे उत्तरायुष्य दुःखाने भरलेले होते. १९३९ मध्ये सयाजीराव निवर्तले आणि तिन्ही पुत्रांचे मृत्यूही त्यांना पाहावे लागले. १९४९ मध्ये बडोदा संस्थान विलीन झाले. राज्य गेले, संस्था मात्र उरल्या. १९५८ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची नात महाराणी गायत्रीदेवी यांनी १९४३ मध्येच जयपूरला मुलींची शाळा स्थापन केली होती. आजीने लावलेला दिवा असा नातीच्या हाती पोहोचला.

महाराष्ट्राबाहेर, गुजराती भाषिक प्रजेमध्ये राहून एका मराठी स्त्रीने हे कार्य केले, हे आपण छत्तीसगडवासी मराठीजनांनी विशेष ध्यानात घ्यावे. पोलाद कारखान्याच्या निमित्ताने भिलाईस आलेल्या आणि त्याही आधी नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून या प्रदेशात स्थिरावलेल्या कुटुंबांनी आपली भाषा जपली आणि हिंदी-छत्तीसगडी शेजाऱ्यांशी स्नेहही जोडला. आपल्या शाळेची वाटचाल याच स्नेहातून घडली आहे.

पालकांना या निमित्ताने एकच विनंती करावीशी वाटते. आज मुलीला शाळेत धाडण्यासाठी कायद्याची सक्ती लागत नाही. तिने उत्तम गुण मिळवले की आपण पेढे वाटतो. परंतु पुढे काय शिकायचे, कोठे नोकरी करायची, विवाह केव्हा आणि कोणाशी करायचा, या प्रश्नांवर तिने आपले मत मांडले की घरात शांतता पसरते. चिमणाबाईंच्या घरीही ती पसरली होती. मुलीला शिकवणे ही पहिली पायरी आहे. शिकलेल्या मुलीचे म्हणणे ऐकून घेणे ही दुसरी, आणि ती चढण्यास महाराणींनाही कष्ट पडले, हे ठाऊक असले म्हणजे आपल्यालाही थोडा धीर येईल.