एका जास्तीच्या शून्यातून उभा राहिलेला धंदा

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील डेलावेअर या चिमुकल्या राज्यात, ससेक्स परगण्यातील ओशन व्ह्यू गावाजवळ राहणाऱ्या सेसिल स्टील यांनी १९२३ मध्ये नेहमीप्रमाणे ५० पिल्लांची मागणी नोंदवली. अंडी देणाऱ्या त्यांच्या छोट्या कळपात दरवर्षी काही कोंबड्या मरत, काही म्हाताऱ्या होत. त्यांची भरपाई करणे एवढाच या खरेदीचा हेतू. डॅग्सबरो येथील व्हर्नन स्टीन यांच्या हॅचरीतून पिल्ले आली तेव्हा मात्र त्यांची संख्या ५०० भरली. मागणी लिहून घेताना कोठेतरी एक शून्य जास्त पडले होते.

पुढे अब्जावधी डॉलरच्या घरात गेलेल्या एका धंद्याचा आरंभ या चुकीपासून मोजला जातो. सेसिल स्टील तेव्हा अवघ्या तेवीस वर्षांच्या आसपास होत्या. पती विल्मर तटरक्षक दलात नोकरीला, घरी मुलेबाळे, आणि दारात चिवचिवणारी पाचशे पिल्ले. ती परत पाठवणे हा सरळ मार्ग होता. त्यांनी ती ठेवून घेतली. पियानोच्या एका मोठ्या खोक्यात पिल्लांची तात्पुरती सोय झाली आणि एका सुताराकडून घाईघाईने लहानशी शेड बांधून घेण्यात आली. सोळा फूट लांब, सोळा फूट रुंद. मधोमध उबेसाठी कोळशाची शेगडी.

पाचशेपैकी ३८७ पिल्ले जगली. म्हणजे मरतूक बावीस टक्क्यांहून अधिक. आजचा कुक्कुटपालक हा आकडा ऐकून कपाळाला हात लावील, कारण आता बॅचमध्ये पाच टक्क्यांच्या आसपास मरतूकही त्याला सलते. पण १९२३ मध्ये ना लशी होत्या, ना तयार संतुलित खाद्य. अठरा आठवड्यांनी ही पाखरे दोन पौंडांच्या, म्हणजे किलोच्या जरा आतबाहेर भरली आणि पौंडाला ६२ सेंट या दराने विकली गेली. हिशेब साधारण ४८० डॉलरचा होतो. एका शेतकरी घराला ही रक्कम लहान नव्हती.

या व्यवहाराचे वेगळेपण समजण्यासाठी तेव्हाची रीत पाहावी लागते. कोंबडी पाळायची ती अंड्यांसाठी. खाण्यासाठी मिळे तो वसंतात निघालेल्या पिल्लांतला नको असलेला नर, नाहीतर अंडी द्यायची थांबलेली म्हातारी कोंबडी. कोंबडीचे मांस हे अंड्यांच्या धंद्याचे उपउत्पादन होते आणि ते महागही होते. शेतावरच्या कोंबड्या बायकांच्या ताब्यात असत, अंड्यांचे पैसे घरखर्चाला जात, आणि पुरुषमंडळी या सगळ्याकडे किरकोळ उद्योग म्हणून पाहत. आपल्याकडच्या परसातल्या गावरान कोंबड्यांचे अर्थकारण याहून फार निराळे नव्हते. सेसिल स्टील यांनी कळप मुळात कापण्यासाठीच वाढवला. हा प्रयोग जगात अगदी पहिला होता असे म्हणणे मात्र अतिशयोक्तीचे ठरेल. न्यू जर्सीतील हॅमंटन येथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस असे कोवळे पक्षी विकण्याची लाट येऊन ओसरली होती. फरक एवढाच की ससेक्समधली लाट ओसरली नाही.

तसे होण्यामागे केवळ एका स्त्रीची जिद्द होती असे मानले तर इतिहासावर अन्याय होईल. काही गोष्टी त्याच सुमारास जुळून आल्या. खुडूक कोंबडीच्या पोटाखाली दहाबारा अंडी उबवण्याचे दिवस संपत होते आणि हजारो अंडी एकाच वेळी उबवणारी यंत्रे आली होती. अंड्यातून बाहेर पडण्यापूर्वी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेते आणि त्यावर दोनतीन दिवस दाण्यापाण्याविना तग धरते. या निसर्गाच्या सोयीमुळेच अमेरिकी टपाल खात्याने १९१८ पासून एकदिवसीय पिल्ले पार्सलने पाठवू दिली. दुसरी अडचण उन्हाची होती. बंद शेडमध्ये वाढवलेल्या पिल्लांचे पाय वाकत, ती लुळी पडत. १९२० च्या दशकात ड जीवनसत्त्वाचा शोध लागला, खाद्यात कॉड माशाचे तेल घालण्याची पद्धत रुळली आणि हिवाळ्यातही छपराखाली कोंबडी वाढवणे शक्य झाले. तिसरी गोष्ट म्हणजे रस्ता. डेलावेअरच्या उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत जाणारा ड्यूपाँट महामार्ग १९२४ मध्ये पूर्ण झाला. न्यूयॉर्कमधील ज्यू वस्त्यांना जिवंत कोंबडी हवी असे, कारण ती धर्माच्या नियमानुसार कापली जाणे आवश्यक होते. ससेक्सचे मालमोटार भरून पक्षी आता तिथे थेट पोहोचू लागले.

१९२४ मध्ये स्टील यांनी जाणूनबुजून एक हजार पिल्ले मागवली. भाव पौंडाला ५७ सेंट मिळाला. १९२६ पर्यंत त्यांच्याकडे दहा हजार पक्ष्यांची सोय झाली होती. विल्मर यांनी तटरक्षक दलाची नोकरी सोडली आणि ते पत्नीच्या धंद्यात उतरले. त्या काळातील एक छायाचित्र आजही पाहायला मिळते. छोट्या लाकडी शेडची रांग, समोर देखरेख करणारे आइक लाँग आणि स्टील यांची मुले. छायाचित्रात स्वतः सेसिल नाहीत.

शेजाऱ्यांनी हे पाहिले नसते तरच नवल. स्ट्रॉबेरी आणि रताळी पिकवणाऱ्या या रेताड भागात शेतामागून शेतात शेड उभ्या राहिल्या. पाच वर्षांतच शेकडो शेतकरी या धंद्यात आले. सगळ्या अमेरिकेचे सरकारी आकडे १९३४ पासून मिळतात. त्या वर्षी मांसासाठी वाढवलेल्या कोंबड्या ३ कोटी ४० लाख होत्या. १९४० मध्ये ही संख्या १४ कोटींच्या वर गेली. भाव मात्र उलट दिशेने गेला. १९२३ मध्ये ६२ सेंटांना विकली गेलेली कोंबडी १९३४ मध्ये सरासरी २० सेंटांच्या आत आली. खाणाऱ्यांची चंगळ झाली. पिकवणाऱ्याला तेवढ्याच पैशासाठी तिप्पट पक्षी वाढवणे भाग पडले.

या घसरणीचे मूळ पिल्लांच्या मोजणीत आहे. यंत्रात ठेवलेले अंडे २१ दिवसांनी उबते, शंभरातून साधारण ऐंशी पिल्ले निघतात आणि शेडवर गेल्यावर ठरावीक आठवड्यांनी ती बाजारात येतातच. तयार पक्षी धान्यासारखा कोठारात साठवता येत नाही. रोज तो खातो आणि रोज खर्च वाढतो. म्हणजे पुढचा भाव हॅचरीच्या दारातच बऱ्याच अंशी ठरून जातो. महाराष्ट्रातील कुक्कुटपालकाला हे वेगळे सांगायला नको. ज्येष्ठाच्या आरंभी यंत्रात गेलेले अंडे कोंबडी होऊन बाहेर येते ते ऐन श्रावणात, आणि तेव्हा गिऱ्हाईक पाठ फिरवून बसलेले असते. स्टील यांच्या काळात प्रत्येक शेतकरी आपापली पिल्ले मोजत होता, पण परगण्यात एकूण किती उतरली हे तो आंधळेपणानेच ठरवत होता. पुढे अमेरिकेच्या कृषी खात्याने ही मोजणी हाती घेतली. यंत्रात ठेवलेली अंडी आणि शेडवर उतरवलेली पिल्ले यांचे आकडे दर आठवड्याला प्रसिद्ध होतात. प्रमुख १९ राज्यांत अलीकडच्या वर्षांत आठवड्याला अठरा ते एकोणीस कोटी पिल्ले उतरतात. कोंबडीचा व्यापारी आणि मका-सोयाबीनचा सटोडिया दोघेही या आकड्यांकडे डोळे लावून असतात.

मोजणी पक्की झाली, तसा शेतकऱ्याचा अधिकार मात्र आक्रसला. खाद्याचे व्यापारी पिल्ले आणि खाद्य उधारीवर देऊ लागले, नंतर हॅचरी, खाद्य कारखाना आणि कत्तलखाना एकाच कंपनीच्या हाती आले. किती पिल्ले कोणत्या दिवशी कोणाच्या शेडवर उतरवायची, हे कंपनी ठरवू लागली. चुकून आलेली पाचशे पिल्ले ठेवायची की परत करायची, हा निर्णय स्टील यांनी स्वतःच्या अंगणात उभे राहून घेतला होता. कराराने कोंबड्या वाढवणाऱ्या आजच्या शेतकऱ्याला तेवढी मोकळीक नाही.

हे सारे पाहायला त्या राहिल्या नाहीत. १९४० मध्ये मेरीलँडमधील ओशन सिटीजवळ समुद्रात त्यांच्या बोटीवर स्फोट झाला. त्यात सेसिल आणि विल्मर या दोघांचाही अंत झाला. सेसिल यांचे वय चाळिशीचे होते. त्यानंतर काही वर्षांतच दुसऱ्या महायुद्धात डेलावेअर आणि त्याला लागून असलेल्या भागातील कोंबड्या सरकारने सैन्यासाठी ताब्यात घेतल्या. न्यूयॉर्कची बाजारपेठ त्यामुळे रिकामी पडली आणि ती पोकळी भरून काढत जॉर्जिया, आर्कान्सासारखी दक्षिणेकडील राज्ये पुढे सरसावली. तरीही ससेक्स परगणा कित्येक वर्षे ब्रॉयलर उत्पादनात देशात आघाडीवर गणला गेला.

सोळा फुटांची ती पहिली शेड १९७४ मध्ये अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत दाखल झाली. आता ती डोव्हर येथील कृषी संग्रहालयात आहे. आजच्या एका ब्रॉयलर शेडमध्ये वीस-पंचवीस हजार पक्षी सहज मावतात आणि सहा-सात आठवड्यांत तीन किलोच्या आसपास भरतात. संग्रहालयातील शेडमध्ये मात्र चारदोन पावले टाकली की भिंत लागते.