रेव्हरंड टिळकांच्या लक्ष्मीबाई



जानेवारी २०२० मध्ये आपल्या धाराशिवात (तेव्हाचे उस्मानाबाद) ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा अध्यक्षपदी वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. त्यांच्या निवडीला काहींनी विरोध केला होता. त्यात फादरांचे पाठीचे दुखणे बळावलेले, तरी ते आले. २५ जुलै २०२४ रोजी ते प्रभूघरी गेले. संमेलनस्थळाला संत गोरा कुंभार यांचे नाव दिले होते. गोरोबाकाका आपल्याच जिल्ह्यातील तेरचे. भजनात तल्लीन होऊन चिखल तुडवताना त्यांच्या पायाखाली स्वतःचे लेकरू आले, ही कथा इथे लहानथोरांना ठाऊक आहे. ते मूल त्यांच्या हवाली करून पाण्याला गेलेली त्यांची पत्नी संती घरी परतली, तेव्हा तिच्या मनाचे काय झाले असेल? गोरोबांचे अभंग आपल्यापर्यंत आले. संतीची आठवण मात्र त्यांच्या कथेपुरतीच राहिली.

कवीच्या पत्नीच्या वाट्याला बहुधा हेच येते. याला अपवाद ठरलेल्या एका बाईंची ओळख आज करून घेऊ. त्या म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या पत्नी लक्ष्मीबाई. टिळक अमेरिकन मराठी मिशनचे, म्हणजे आपल्या पंथाचे नव्हेत. पण मराठी ख्रिस्ती माणूस टिळकांची गीते गाताना पंथ विचारत बसत नाही.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळ जलालपूर येथे, गोखल्यांच्या घरी झाला. माहेरचे नाव मनकर्णिका. त्यांच्या आईच्या वडिलांना १८५७ च्या धामधुमीत फाशी झाली. त्या घटनेनंतर मनूच्या वडिलांना सोवळ्याने असे पछाडले, की बाजारातून आणलेले मीठसुद्धा धुतल्याशिवाय घरात यायचे नाही. अशा घरातली ही पोर अकराव्या वर्षी, १८८० साली, टिळकांच्या घरी आली. अक्षरओळख जवळपास नव्हतीच. वाचायला-लिहायला शिकवले ते टिळकांनी. पण संसार चालवणे या गृहस्थाला कधी जमले नाही. हातात पैसा टिकत नसे, राग नाकावर असे आणि मनात आले की घर सोडून चालू लागत.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नीला विश्वासात न घेता हे पाऊल उचलले. टिळकांच्या श्रद्धेविषयी आम्हाला नितांत आदर आहे, तरीही हे लिहिताना जीव थोडा अडखळतो. एका सकाळी त्या बाईचे सारे जगच उलटेपालटे झाले. नवरा जिवंत आणि तरी दुरावलेला, पदरी लहानगा दत्तू, भोवती नातेवाइकांची कीव आणि बोलणी. दुःखाने त्या पार खचल्या. काही काळ त्यांनी पंढरपुरात काढला. टिळकांची पत्रे येत, उत्तरे जात. भांडण होते, प्रेमही होते, फक्त घर एक नव्हते. अशी चार-पाच वर्षे गेली.

शेवटी त्या अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) पतीकडे गेल्या, पण आपल्या अटींवर. पाणी वेगळे, स्वयंपाक वेगळा, सोवळे तसेच. टिळकांनी सक्ती केली नाही, ही त्यांची मोठी गोष्ट म्हटली पाहिजे. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न लक्ष्मीबाईंना छळू लागला. ती माणसानेच केली, असे मनाने घेतले आणि मग त्यांनी कोणाच्याही हातचे खायला-प्यायला सुरुवात केली. मीठ धुणाऱ्या बापाच्या लेकीने उचललेले ते पाऊल! १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. नवरा गेला म्हणून मागोमाग गेल्या, असे कोणी म्हणत असेल तर त्याने मधल्या त्या वर्षांचा हिशेब मांडावा.

पुढे घर माणसांनी भरले. दत्तू आणि तारा यांच्याशिवाय कोण ना कोण मुक्कामाला असेच. बालकवी ठोमरे हेही तरुणपणी याच घरात राहिले आणि लक्ष्मीबाईंनी त्यांना आईची माया दिली. टिळक माणसे गोळा करीत, ताटे वाढण्याची चिंता लक्ष्मीबाईंची. त्यातच त्या कविता करू लागल्या होत्या.

९ मे १९१९ रोजी टिळक गेले. ओवीबद्ध ‘ख्रिस्तायन’ त्यांनी हाती घेतले होते, त्याचे दहाएक अध्याय झाले होते. लक्ष्मीबाईंनी मुंबईत मुलींच्या वसतिगृहाची देखरेख केली, मुलाच्या कुटुंबाबरोबर त्या कराचीला राहिल्या, नंतर नाशिकला आल्या. १९३३ साली नागपूरला भरलेल्या मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. कधी शाळेत न गेलेल्या बाईंना!

१९३४ मध्ये ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग निघाला. आपल्यातील ज्यांनी हे पुस्तक वाचलेले नाही, त्यांनी ते जरूर मिळवून वाचावे. दुःखाचे प्रसंग सांगतानाही ही बाई वाचकाला हसवते. टिळकांचा राग, विसराळूपणा, उधळेपणा काही झाकत नाही आणि तरी एका ओळीतही कडवटपणा जाणवत नाही. टिळक आज आपल्याला चालते-बोलते दिसतात, ते त्यांच्या स्वतःच्या कवितेपेक्षाही या पुस्तकामुळे अधिक. स्वतःलाही त्या सोडत नाहीत. आपली भीती, आपला हट्ट, आपली फजिती सगळे मोकळेपणाने सांगतात.

‘ख्रिस्तायन’चे काम त्यांनी सोडले नव्हते. पतीने जिथे लेखणी ठेवली, तिथून पुढे त्यांनी चौसष्ट अध्याय लिहिले. म्हणजे ग्रंथाचा फार मोठा भाग त्यांचाच. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले. छापील ‘ख्रिस्तायन’ त्यांना पाहायला मिळाले नाही. ते १९३८ साली प्रसिद्ध झाले.