वाळीत पडलेली संत

मी चौथी-पाचवीत असताना आमच्या शेजारी दोन सिस्टर भाड्याने राहायच्या. दोन खोल्या, मागे न्हाणी, दारात जास्वंदीचं झाड. सिनेमात बघितलेलं कॉन्व्हेंट म्हणजे उंच भिंत, मोठी घंटा आणि लांबलचक व्हरांडा. या दोघी मात्र आमच्यासारख्याच नळावर नंबर लावायच्या आणि उन्हाची छत्री घेऊन स्टेशनपलीकडच्या वस्तीवर शिकवायला जायच्या. आईला त्यांचं भारी कौतुक. केलेल्या भाजीची एक वाटी ठरलेली.

सिस्टरांनी असं चारचौघांत भाड्याच्या घरात राहावं की नाही यावरून एके काळी रणं माजली होती, एका बाईला त्यापायी वाळीत पडावं लागलं, हे मला फार उशिरा कळलं. ती बाई म्हणजे ऑस्ट्रेलियाची मेरी मॅकिलॉप. तिकडे लहान पोरांनाही तिचं नाव ठाऊक असतं. आपल्याकडे कुणाला फारसं माहीत नाही, म्हणून म्हटलं, आज तिच्याविषयी लिहावं.

मेरीचा जन्म १५ जानेवारी १८४२ चा, मेलबर्नच्या फिट्झरॉय भागातला. आई-वडील स्कॉटलंडहून आलेले. आठ भावंडांत ही थोरली. मैत्रिणींनो, थोरली म्हटलं की पुढचं सांगायला नकोच! वडील शिकलेले, तरुणपणी फादर व्हायला रोमला गेले होते, पण ते अर्धवट सोडून आलेले. बोलायला हुशार आणि व्यवहारात कच्चे. पैसा काही टिकायचा नाही, घर कधी या नातेवाइकाकडे तर कधी त्या. चौदाव्या वर्षी मेरी एका स्टेशनरीच्या दुकानात कारकुनीला लागली. अठराव्या वर्षी मावशी-काकांच्या मुलांना शिकवायला साउथ ऑस्ट्रेलियातल्या पेनोला नावाच्या आडगावी गेली. शिकवणीचा पगार घरी पाठवायचा. स्वतःच्या मनात लग्न नव्हतं, सिस्टर व्हायचं होतं, पण मागे एवढी तोंडं असताना जाणार कुठे?

पेनोलाला तिला फादर ज्युलियन टेनिसन वुड्स भेटले. हे गृहस्थ भूगर्भशास्त्राचे नाद असलेले. दगडधोंडे गोळा करत घोड्यावरून हिंडायचे. त्यांचा धर्मग्राम (वसईकडचे लोक पॅरिशला हाच शब्द वापरतात) इतका अफाट, की आपले मोठाले तीन जिल्हे त्यात सहज मावावेत. विखुरलेल्या मेंढपाळांच्या आणि मजुरांच्या झोपड्या, आणि पोरं सगळी रानात. शाळा काढावी तर शिकवणार कोण? युरोपातून आलेल्या सिस्टर शहरात मोठ्या मठात राहायच्या, बऱ्या घरच्या मुलींना शिकवायच्या. शिवाय त्यांच्यातही दोन थर. शिकलेल्या आणि हुंडा घेऊन आलेल्या सिस्टर वरच्या, त्यांनी प्रार्थना आणि शिकवणं बघायचं. गरीब घरच्या खालच्या, त्यांनी चूल आणि धुणं बघायचं. इथेही तेच, असं वाचताना माझ्या मनात आलं खरं.

१८६६ च्या सुरुवातीला मेरी आपल्या दोन बहिणींना घेऊन पेनोलात एका पडक्या तबेल्यात शाळा चालवू लागली. भावाने सुतारकाम करून तो तबेला बसण्याजोगा केला. त्याच वर्षी १९ मार्चला, संत जोसेफच्या सणाला, तिने साधा काळा झगा घातला, आणि पुढल्या वर्षी ॲडलेडला व्रत घेतलं. वुड्स आणि तिने मिळून जी संस्था काढली, तिचे नियम तेव्हाच्या मानाने अगदीच वेगळे होते. मोठा मठ नको. दोघी-तिघींनी मिळून वस्तीतच लहानशा घरात राहायचं. वरची-खालची भानगड नाही, सगळ्या एकसारख्या. फी दिली तर घ्यायची, नाही दिली तरी पोराला शिकवायचं. स्वतःचं म्हणून काही ठेवायचं नाही, वेळ पडली तर दारोदार मागायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कोणती सिस्टर कुठे जाईल, काय करेल, हे गावचे फादर किंवा बिशप ठरवणार नाहीत, सगळ्यांची मिळून एक प्रमुख असेल, ती ठरवेल. अर्थात, ती बाई असेल!

ॲडलेडच्या बिशप शील यांनी १८६८ मध्ये या नियमांना मान्यताही दिली. तपकिरी झग्यातल्या या सिस्टर भराभर वाढल्या. १८७१ पर्यंत त्या शंभराच्या वर गेल्या, चाळीसहून जास्त शाळा आणि आश्रम त्या चालवत होत्या. तुरुंगातून सुटलेल्या बायकांसाठीही त्यांनी घर काढलं. इतक्या वेगात काही चुकाही झाल्या, ते लपवण्यात अर्थ नाही. काही मुली जेमतेम शिकलेल्या आणि तशाच वर्गावर उभ्या राहिल्या. वुड्स यांचा हिशेब म्हणजे आनंदच, कर्ज साचत गेलं. त्यात दोन सिस्टरांना दृष्टान्त होतात असं वुड्स यांनी खरं मानलं आणि मठात चमत्कारिक प्रकार सुरू झाले. जुन्या वळणाच्या फादरांना बोट दाखवायला एवढं पुरेसं होतं. आपल्या गावात आपल्या परवानगीशिवाय चालणारी शाळा त्यांना आधीच खटकत होती.

पण त्यामागे आणखी एक गोष्ट होती, आणि ती मला सगळ्यात झोंबली. १८७० मध्ये कपुंडा गावच्या एका फादरने लहान मुलांवर अत्याचार केल्याचं तिथल्या सिस्टरांच्या कानावर आलं. मेरी तेव्हा क्वीन्सलँडमध्ये होती. सिस्टरांनी ते वुड्स यांना सांगितलं, त्यांनी वरपर्यंत पोहोचवलं आणि त्या फादरची परत आयर्लंडला रवानगी झाली. त्याचे सहकारी फादर होरान यांना याचा राग आला. तेच होरान पुढे बिशपचे उजवे हात झाले. मेरी संत ठरण्याच्या थोडं आधी, २०१० मध्ये, हा सगळा संबंध वर्तमानपत्रांतून लोकांपुढे आला. सव्वाशेहून अधिक वर्षं ते नीट कुणी बोललंच नव्हतं.

१८७१ मध्ये आजारी बिशपांनी नियम बदलायचं ठरवलं. एक प्रमुख नको, प्रत्येक घर तिथल्या फादरच्या हाताखाली, आणि सिस्टरांत वरच्या-खालच्या अशा दोन पायऱ्या. मेरीने भांडण केलं नाही. नियम बदलणार असतील तर मला आधी बिशपांना भेटू द्या, एवढंच तिचं म्हणणं. पण त्याचा अर्थ तिकडे उद्धटपणा असा लावला गेला. २२ सप्टेंबर १८७१ ला, सगळ्या सिस्टरांसमोर, प्रार्थनेच्या जागी गुडघ्यावर बसवून बिशपांनी तिला ख्रिस्तसभेतून बाहेर काढलं. ती २९ वर्षांची होती.

वाळीत टाकणं आपल्याला काही नवं नाही. पाणी बंद, बोलणं बंद, आगीचा निखारासुद्धा कुणी द्यायचा नाही, हे आपल्या आज्या-पणज्यांनी बघितलेलं. तिथेही तसंच. कॅथलिक माणसाने तिच्याशी संबंध ठेवायचा नाही, ठेवला तर तोही दोषी. पन्नासच्या आसपास सिस्टरांनाही घालवून देण्यात आलं, कित्येक शाळा बंद पडल्या. रात्री-बेरात्री कुठे जायचं? मदतीला आले ते इमॅन्युएल सॉलोमन नावाचे ज्यू व्यापारी. त्यांनी या बायांना राहायला बिनभाड्याचं घर दिलं. काही जेझुइट फादरांनाही ही शिक्षा अन्यायाची वाटली, त्यांनीही आधार दिला.

पाच महिन्यांनी, फेब्रुवारी १८७२ मध्ये, मरणाच्या दारात असलेल्या बिशपांनी निरोप धाडून शिक्षा मागे घेतली. १ मार्चला ते गेले. नंतर चौकशी नेमली गेली, तीत मेरी निर्दोष ठरली. इतकं होऊनही तिने बिशपांबद्दल कडू शब्द काढला नाही, दुसऱ्यांनाही काढू दिला नाही. खरं सांगू? मला हे पहिल्यांदा पटलं नव्हतं. असं कसं गप्प बसायचं, असं वाटलं. पण पुढचं वाचलं तेव्हा लक्षात आलं, की ही गप्प बसणारी बाई नव्हेच. तिला भांडण माणसाशी करायचं नव्हतं, नियमावर करायचं होतं.

म्हणून १८७३ मध्ये ती थेट रोमला गेली. एकटी बाई, बोटीचा प्रवास. पोप नववे पायस यांना भेटली. एक प्रमुख असावी हे तिचं म्हणणं रोमने मान्य केलं. मात्र संस्थेने काहीही मालकीचं ठेवायचं नाही हा वुड्स यांचा आवडता नियम गेला. वुड्स यांचा गैरसमज झाला, मेरीने आपल्याला फसवलं असं त्यांनी मनाला लावून घेतलं. ज्यांच्याबरोबर संसार नाही पण सगळं आयुष्य उभं केलं, त्यांच्याशी पडलेली ती फट पुन्हा नीट सांधली नाही. १८८९ मध्ये ते वारले.

परत आल्यावर १८७५ मध्ये सिस्टरांनी तिला रीतसर निवडून प्रमुख केलं. तेवढ्याने बिशप शांत बसतात होय! बाथर्स्टच्या बिशपांनी आपल्या हद्दीतल्या सिस्टर आपल्याच ताब्यात राहतील म्हणून वेगळी चूल मांडली. त्यांचा झगा काळा, म्हणून लोक एकींना काळ्या आणि दुसऱ्यांना तपकिरी म्हणू लागले. ब्रिस्बेनचे बिशप बाथर्स्टवाल्यांचे सख्खे भाऊ, तिथेही तोच हट्ट. १८८० पर्यंत मेरीच्या सिस्टरांना क्वीन्सलँड सोडावं लागलं.

आणि मग १८८३. ॲडलेडचे नवे बिशप रेनॉल्ड्स, जे तिच्या वाळीत पडण्याच्या दिवसांत तिच्या बाजूचे होते, तेच उलटले. कर्जाचा ठपका ठेवला आणि दारू पिते असा बोभाटा झाला. प्रकरण काय होतं, तर मेरीला पाळीच्या दिवसांत भयंकर दुखायचं. दोन-दोन, तीन-तीन दिवस अंथरुणातून उठता यायचं नाही, आणि त्यावर डॉक्टरांनी थोडी ब्रँडी सांगितलेली. औषध म्हणून. आता ही गोष्ट ती कुणाला आणि कशी सांगणार? पुरुषांनी भरलेल्या चौकशीत? आपल्यापैकी किती जणींनी पोट धरून, डोकं दुखतंय असं सांगून वेळ निभावून नेली असेल, आठवून बघा. मेरीला ॲडलेड सोडायला सांगितलं गेलं आणि ती सिडनीला आली.

१८८५ मध्ये तिच्या जागी मदर बर्नार्ड यांना प्रमुख नेमण्यात आलं. मेरी साधी सिस्टर म्हणून त्यांच्या हाताखाली काम करत राहिली, एक-दोन नव्हे, तेरा-चौदा वर्षं. त्या काळातच, १८८६ मध्ये, तिची आई बोटीने सिडनीला येताना बोट खडकावर आपटून बुडून गेली. १८८८ मध्ये रोमने शेवटचा शिक्का मारला आणि संस्था कुठल्याही एका बिशपच्या ताब्यात नाही, तिचा कारभार तिच्याच सिस्टरांचा, हे कायम झालं. बर्नार्ड वारल्यावर १८९९ मध्ये सिस्टरांनी मेरीला पुन्हा प्रमुख केलं. पुढे न्यूझीलंडमध्ये असताना तिला अर्धांगवायूचा झटका आला, चाकाच्या खुर्चीत बसून तिने कारभार बघितला, आणि १९०५ मध्ये सिस्टरांनी तिलाच परत निवडलं.

८ ऑगस्ट १९०९ ला नॉर्थ सिडनीला ती गेली. लोकांनी थडग्यावरची माती चिमटी-चिमटीने घरी न्यायला सुरुवात केली. १९९५ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी सिडनीत तिला धन्य घोषित केलं, २००९ मध्ये ॲडलेडच्या आर्चबिशपांनी त्या जुन्या शिक्षेबद्दल तिच्या सिस्टरांची जाहीर माफी मागितली, आणि १७ ऑक्टोबर २०१० ला ती ऑस्ट्रेलियाची पहिली संत ठरली.

१९१४ मध्ये तिचा देह नॉर्थ सिडनीच्या मठातल्या चॅपेलमध्ये आणला गेला. तिथली कबर बांधून दिली जोआना बार स्मिथ या तिच्या जन्माच्या मैत्रिणीने. ही जोआना कॅथलिक नव्हती, प्रेसबिटेरियन होती.